जानकीबाईंचा टोप

भिवंडी, १४ ऑक्टोबर

सौ. सुचेता हिला अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून म्हणशील, फोन असताना हे काय खूळ. फोन केला होता. तू उचलत नाहीस, आणि तुझ्या कुंदाताई उचलतात त्या "ती देवळात गेलीय" एवढंच सांगतात. वज्रेश्वरीचं देऊळ मोठं आहे, कबूल. पण सकाळ-संध्याकाळ तिथेच बसायला तू काही तिथली गुरवीण नाहीस. शिवाय रिचार्जही महागलं आहे. पोस्टाचं पाकीट अजून माणसात आहे. कागद पाठकोरे आहेत, शेटजींच्या ऑफिसातल्या जुन्या चलानांचे. मागच्या बाजूला सुताच्या गोणींचा हिशेब दिसेल, तो वाचत बसू नकोस.

दसऱ्याला सीमोल्लंघन करतात ते सोनं लुटायला. बहिणीकडे रुसून बसायला सीमोल्लंघन करणारी तू पहिलीच.

माझा गुन्हा काय, तो एकदा शांतपणे बघू. तेलाचा भाव एका महिन्यात कुठच्या कुठे गेला. लसूण आता सोनाराच्या दुकानात मिळायला लागेल. माझी पेन्शन मात्र दगडावरची रेघ. म्हणून बाजाराची पिशवी मी माझ्या हातात घेतली आणि घरात काही नियम केले. फोडणीला पळी नाही, चमचा. वरण एकाच वेळी. दिवाळीला भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, बाकी तळण नाही. इथपर्यंत तू "हं" म्हणालीस. मग मी शेजारपाजारचं देणंघेणं बंद केलं आणि तुझं बिनसलं.

आता विचार कर. जानकीबाईंकडे काल्हेरच्या गोदामांची भाडी येतात. त्यांनी रोज दुपारी टोपभर वालाचं बिरडं नाहीतर लाल माठाची भाजी आणि वर दोन तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या, तर त्यांना काही पडत नाही. पण आलेलं भांडं तू भरून पाठवणार, ते आपल्याला पडतं. कधी चटणी, कधी वड्या, कधी नुसतीच वाटीभर साखर. साखर काय भाव आहे? म्हणून दसऱ्याच्या सकाळी मी टोप घासला, पुसला आणि स्वतः नेऊन दिला. तूही मागोमाग आलीसच. म्हटलं, "जानकीबाई, उद्यापासून पाठवू नका. आम्हाला परतफेड झेपत नाही." यात शिवी कुठे आहे ते दाखव.

भांडं रिकामं परत देऊ नये, हे मलाही माहीत आहे. पण ज्याने ते ठरवलं त्याने आजचा बाजार पाहिला नव्हता. तू म्हणालीस, "चिमूटभर साखर तरी घालायचीत हो." मग घरी येऊन बॅग भरलीस.

राग उतरला की ये. दिवाळी तोंडावर आली आहे. तोवर मी अगदी मजेत आहे.

तात्या

---

भिवंडी, १७ ऑक्टोबर

सौ. सुचेता हिला,

उत्तर नाही. ठीक.

काल कोजागिरी झाली. मी दूध आटवलं नाही. चंद्र फुकट होता तो पाहिला. समोरच्या गच्चीवर जानकीबाईंच्या घरची सगळी मंडळी जमली होती. मी खाली ओट्यावर होतो. दरवर्षी "तात्या, वर या" अशी हाक येते. काल आली नाही. त्यांचा केसरीनाथ दिसला, तो मान हलवून जिना चढला. पोरगा एरवी "काय तात्या, बरा हाय ना?" म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. असो. मला मसाला दूध बाधतंच.

आता एक आनंदाची बातमी. नारपोलीच्या मागच्या गल्लीत एक होलसेलवाला सापडला. तूरडाळ आपल्या वाण्यापेक्षा बरीच स्वस्त. मी विचार न करता मोठी पिशवी उचलली आणि रिक्षा न करता खांद्यावरून आणली. खांद्याला काही झालेलं नाही, जरा कापूर-तेल लावलं आहे.

डाळ दिसायला सुंदर आहे. फक्त शिजत नाही. काल दुपारभर कुकर शिट्ट्या मारत होता आणि आत डाळ जशीच्या तशी, खड्यासारखी. शेवटी शेजारच्या खोलीतला लूमवाला अन्सारी आवाज ऐकून आला. डाळ दाताखाली धरून म्हणाला, "चाचा, ये तो पिछले साल से भी पिछले साल की है. इसको पकाओगे तो गैस खतम हो जाएगा, दाल नहीं." डाळीत वाचवलं ते गॅसमध्ये गेलं म्हणायचं. हात दाखवून अवलक्षण. हे नीरजाला सांगू नकोस. ती फोनवर आधीच "बाबा, ठाण्याला माझ्याकडे येऊन राहा, नाहीतर आईची माफी मागा" असे दोनच पर्याय देते. माफी कशाची, ते तिलाही सांगता येत नाही. म्हणते, "आई बोलत नाही, पण काहीतरी आहे."

जुनी डाळ शिजवायची तुझी काही युक्ती असेल तर तेवढी कळव. बाकी लिहिलं नाहीस तरी चालेल. कुकरचं झाकण जरा वाकडं बसतं आहे, तू आल्यावर बघू.

दोडक्याच्या शिरांची चटणी करून पाहिली. शिरा घशात अडकल्या. तू करतेस तेव्हा त्या शिरा आहेत हे कळतही नाही. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते तुला येतं, एवढं मान्य करतो. लेखी मान्य करतो, कागद जपून ठेव.

तात्या

---

भिवंडी, २१ ऑक्टोबर

सौ. सुचेता हिला,

तुझं कार्ड मिळालं. "रक्तदाबाची गोळी सकाळी घ्या. डाळ रात्री भिजत घाला, चिमूटभर सोडा टाका." एवढंच. खाली सही पण नाही. तार करणारा माणूससुद्धा "खुशाल" एवढा शब्द जास्तीचा घालायचा. मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, कुठे कोपऱ्यात काही लिहिलंय का म्हणून. पोस्टमन म्हणाला, "काका, तेवढाच हाय." त्याने वाचलं होतं.

डाळ शिजली. आभारी आहे.

आता एक कोडं घालतो. तुझं डोकं अशा बाबतीत चालतं. तू गेल्यापासून घरात खाणारं एक तोंड कमी झालं. मग वाणसामान निम्मं लागायला हवं, नाही का? मी दुधवाल्याला मुद्दाम दूध कमी कर म्हणून सांगितलं नाही, म्हटलं उरेल त्याचं विरजण लावू. तर दूध उरतच नाही. दोघांना जेवढं यायचं तेवढंच रोज संपतं. बरं, मी काही लोणी काढून पीत नाही. सकाळचा चहा, दुपारी झोपून उठल्यावरचा चहा, रात्री कपभर दूध. पूर्वीही हेच घेत होतो.

पिठाचंही तसंच. गिरणीत गेलो तर गिरणीवाला म्हणतो, "चाचा, चाची तो गाँव गई ना? फिर मेहमान आए हैं क्या?" म्हटलं, नाही बाबा. तो म्हणाला, "गेहूँ तो उतना ही है." भाजी मी पावशेर आणतो, पूर्वीसारखी, आणि पातेलं चाटून-पुसून रिकामं होतं.

पहिल्यांदा वाटलं उंदीर असेल. फडताळ पुसून काढलं, मागे काहीही सापडलं नाही. मग वाटलं, एकटा माणूस जास्त खातो. कंटाळ्याने हात चालत असेल. म्हणून काल मुद्दाम कमी जेवलो, तर संध्याकाळी चक्कर आली. फार नाही. ओट्यावर जरा बसलो, बरं वाटलं. म्हणजे मी जास्त खात नाही. मग दोघांचं सामान एकट्याला कसं लागतं? उत्तर कार्डावर लिहिलंस तरी चालेल, पोस्टमनलाही उत्सुकता आहे.

दुपारी घर फार शांत असतं. आजूबाजूला सगळे लूम खडखडत असतात तरी शांत असतं, हे मला आत्ता कळलं.

तात्या

---

भिवंडी, २५ ऑक्टोबर

सुचेता,

कोड्याचं उत्तर मिळालं. तू दिलं नाहीस, जानकीबाईंनी दिलं. काल मी त्यांच्याकडे गेलो होतो. तुझी काही निरोपानिरोपी त्यांच्याशी होते का, तू दिवाळीला येणार आहेस का, हे विचारायला. दुसरं कुणी विचारण्यासारखं नव्हतं.

त्या पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभाच राहिलो. म्हटलं, "जानकीबाई, त्या टोपावरून तुम्ही रागावलात. पण माझीही बाजू आहे. महागाई..."

"महागाई आमाला न सांगा," त्या म्हणाल्या. "तुमी टोप रिकामा दिलाव त्याचा मना राग न्हाय. तुमी बापयमाणूस, तुमाला रीत काय कळते. पन वैनींचा दुपारचा जेवन बंद केलाव, त्याचा राग हाय."

मला कळेना. म्हटलं, तो तर तुमचा शेजारधर्म होता, आमच्या घरी काय जेवण नव्हतं?

त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमच्या घरान तुमचा जेवन होता, तात्या. त्यांचा न्हवता."

मग त्यांनी सांगितलं ते मी तसंच लिहितो, कारण ते मी लिहून काढल्याशिवाय माझ्या डोक्यातून जाणार नाही. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, टोमॅटो इतके महागले की कुणी विकत घेत नव्हतं तेव्हा, त्या एका दुपारी मागल्या दाराने आपल्याकडे आल्या. मी जेवून झोपलो होतो. तू ओट्याशी उभ्याने जेवत होतीस. हातात एक चपाती आणि तिच्यावर मीठ-मिरची. भाजीचं पातेलं घासायला टाकलेलं. बाजूला कोरा चहा. त्या म्हणाल्या, "वैनी, ह्या काय?" तू म्हणालीस, आज भाजी कमी पडली. दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम त्याच वेळी आल्या. तेव्हाही भाजी कमी पडली होती.

तेव्हापासून टोप यायला लागला. मला वाटायचं हौस आहे बाईंना. तू म्हणायचीस, "जानकीबाईंनी पाठवलंय, चाखून बघा," आणि मी चमचाभर घेऊन "तेल जास्त घालतात" म्हणायचो.

"फुकट कंदी खाल्ला न्हाय त्यांनी," जानकीबाई म्हणाल्या. "टोप कंदी रिकामा आला न्हाय. भोपल्याच्या सालीची चटनी करतीन, कोथिंबिरीच्या काड्यांच्या वड्या करतीन, आमची पोरा त्याच्यावर तुटून परायची. मी रोज वाट बघायची टोप परत यायची. अन् तुमी बोललाव, परतफेड झेपत न्हाय. त्यांच्या समोर. मंग काय ऱ्हायला त्यांचा?"

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिने?"

"मी पन तेच इचारला. तर बोलल्या, त्यांना वाटतंय आपला भागतंय. तेवढा वाटू द्या."

सुचेता, मी तिथून कसा घरी आलो मला आठवत नाही.

एक तारखेला मी तुझ्या हातात पैसे ठेवायचो आणि मोठ्या ऐटीत म्हणायचो, "घरखर्च." किती वर्षं तीच रक्कम आहे? नीरजाच्या लग्नानंतर मी त्यात एक रुपया घातलेला नाही. तू कधी वाढवून मागितले नाहीस, म्हणून मी समजलो पुरतात. शेटजींच्या ऑफिसात चार लोकांत सांगायचो, आमच्या घरी महागाई येत नाही, आमची बायको तिला दारातूनच परत पाठवते. लोक हसायचे. मला वाटायचं माझं कौतुक चाललंय.

काल संध्याकाळपासून एकच गोष्ट आठवतो आहे. तुला जेवताना मी शेवटचं कधी पाहिलं? ताट माझं आधी. मी पेपर घेऊन बसणार, तू वाढणार. "तू बस की," मी म्हणणार. "मी बसते मागून," तू म्हणणार. मग मी हात धुऊन आडवा. मागून तू बसतेस की नाही, बसलीस तर पुढ्यात काय असतं, हे उठून बघावंसं मला कधी वाटलं नाही. नीरजाच्या लग्नात पंगतीत आपण शेजारी बसलो होतो. ते आठवतं. त्यानंतरचं काही आठवत नाही. लाज वाटते मला. इतकी की आज आरशासमोर दाढी करताना डोळे वर केले नाहीत.

दूध का उरत नाही, गहू का तेवढेच लागतात, ते आता कळलं. मी बाहेर उंदीर शोधत होतो.

तुझी तब्येत कशी आहे? खरं लिही. चक्कर येते का?

तात्या

---

भिवंडी, २८ ऑक्टोबर

सुचेता,

आज वसुबारस. तुझं पत्र नाही. मागण्याचा हक्कही नाही, तरी पोस्टमनची वाट पाहिली. तो दुरूनच हात हलवून गेला.

जानकीबाईंकडे पुन्हा गेलो. चुकलं म्हटलं. कुणाची माफी मागायची सवय नसल्यामुळे वाक्य नीट जमलं नाही, मधेच खोकला आला. त्या म्हणाल्या, "माझी कशाला मांगताव? जिची भूक होती तिची मांगा."

म्हणून तुझी मागतो. मला शब्द सजवता येत नाहीत. तुझ्या वाटचं मी खाल्लं आणि वर तुलाच काटकसर शिकवली.

दुसरं. मी नोकरी धरली. हसू नकोस. काल्हेरला केसरीनाथच्या ओळखीच्या एका गोदामात सकाळच्या शिफ्टला लिहिणारा माणूस हवा होता. ट्रक आला-गेला, किती नग उतरले. बसून करायचं काम आहे. तिथला सुपरवायझर नीरजाच्या अथर्वपेक्षा थोडाच मोठा असेल, "अंकल, कम्प्युटर येतो का?" म्हणाला. म्हटलं, येत नाही, पण बेरीज चुकत नाही. ठेवलं त्याने. आत्तापर्यंत मी सगळा शहाणपणा खर्च कमी करण्यात घालवला. मिळकत वाढवायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण माझ्या ताटात काही कमी होत नव्हतं. दिवाळी झाली की जायला लागेन. घरखर्चाची रक्कम काय असावी, ते तू सांगायचं. मी विचारणार नाही की कशाला.

फराळाचं तेल आणून ठेवलं आहे. शंकरपाळ्या करायला घेतल्या होत्या, त्या तेलात विरघळल्या. ते तेल गाळून ठेवलंय, फेकलं नाही. तुला आवडतं काय, म्हणजे फराळात, तेही मला माहीत नाही असं लक्षात आलं. मला चकली आवडते म्हणून आपल्याकडे चकली होते. नीरजाला विचारलं, तर तिलाही ठाऊक नव्हतं. ती फोनवर रडायला लागली.

शनिवारी पाडवा आहे. पाडव्याला तू घरी असावंस असं मला फार वाटतं. ये म्हणायचा धीर होत नाही. पण ये. दुकानाचा माल न्यायला तुझे मेव्हणे गुरुवारी भिवंडीला येतात असं कुंदाताई म्हणाल्या होत्या. काही निरोप असेल तर त्यांच्या हाती दे.

तात्या

---

वज्रेश्वरी, ३१ ऑक्टोबर

अहो,

तुमची पत्रं सगळी पोचली. पहिली तीन कुंदाने मोठ्याने वाचली आणि आम्ही दोघी हसलो, उंदराच्या जागी तर फारच. चौथं तिने मनात वाचलं आणि माझ्या हातात देऊन आत निघून गेली.

मी उपाशी मरत नव्हते. तसं काही मनात धरून बसू नका, रक्तदाब वाढेल. भागवत होते. भागवायचं मला येतं आणि खरं सांगू का, आवडतंही. सालीची चटणी करताना मला कधी वाईट वाटलं नाही. उलट कुणी बोटं चाटून खाल्ली की वाटायचं, बघा, कशातून केली. आधी थोडं स्वतःचं कमी केलं, मग आणखी थोडं. कुणी विचारलं नाही, तेव्हा चालून गेलं. तुम्हाला सांगितलं नाही, तेवढं माझंही चुकलं. पण त्या दिवशी जानकीबाईंच्या समोर तुम्ही बोललात, तेव्हा मला पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. राग म्हणा, भूक म्हणा, दोन्ही एकदमच आलं. म्हणून निघाले.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. कमी आहे. गोळ्या दिल्यात, घाबरण्यासारखं नाही.

इथे दुपारी कुंदा माझं ताट वाढते आणि समोर बसते. पहिल्या दिवशी घास गिळवेना. कुणी बघत असताना जेवायची सवयच गेली होती माझी. आता सावकाश जेवते. दोन भाकऱ्या खाते. जेवण झालं तरी हात न धुता थोडा वेळ तशीच बसते. फार बरं वाटतं. इतक्यात घरी यायचं माझ्या मनात नाही. दिवाळीनंतर बघू.

नोकरी धरलीत ते चांगलं केलंत. डबा न्या, बाहेरचं खाऊ नका. गाळलेलं तेल भाजीच्या फोडणीला चालेल.

मला करंजी आवडते. ओल्या नारळाची.

पाडव्याला तुम्हीच इकडे या. सकाळची एसटी धरा. ओवाळणी आणू नका. मी ओवाळीन. मग एकच ताट वाढीन, माझं. तुम्ही समोर बसायचं, पेपर न घेता. माझं जेवण होईपर्यंत उठायचं नाही.

तुम्ही मागून जेवा.

सुचेता